जाणारी लाइन

देवाजीने राउटरमागची वायर काढली, टोकावर फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. हिरवा दिवा थोडा लुकलुकला, मग स्थिर झाला.

"पाह्य आता," तो म्हणाला.

वैभवीने पाहिलं. ती प्रेमिलाच्या खुर्चीवर बसली होती. तीन महिन्यांत त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं.

"तसंच आहे, काका. सात."

वैभवी बेझनबागच्या महिला मंडळाची नवी सचिव. आधी ते काम देवाजीच्या बायकोकडे, प्रेमिलाकडे होतं. छप्पन साली दीक्षाभूमीवर लहान मुली म्हणून हजर असलेल्या वस्तीतल्या बायकांची यादी प्रेमिलाने केली होती. येत्या जयंतीला त्यांचा सत्कार व्हायचा होता. ती यादी मंडळाच्या मेलवर आलीच नाही, असं वैभवीचं म्हणणं. देवाजीचं म्हणणं, पाठवली, माझ्यासमोर पाठवली. भर दुपारी तोंडाला ओढणी बांधून वैभवी घरीच आली आणि कॉम्प्युटर सुरू करायला लावला. यादी होती. पाठवलेल्या मेलमध्ये नव्हती. आउटबॉक्समध्ये होती, आणि तिच्यासोबत आणखी सहा मेल तिथेच पडून होते. सगळ्यात जुना ऑक्टोबरचा.

"तुम्ही म्हणता पाठवली, मी म्हणते नाही आली. दोघंबी खरे निघालो न," वैभवी म्हणाली.

देवाजी हसला नाही. तो टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं लाइनमन होता. दारामागच्या खिळ्याला त्याचा जुना तपासणीचा फोन अजून टांगलेला होता.

"असं कसं होईन? बाहेरून मेल येऊन राहिले ना? मंडळाचं येते, बँकेचं येते. मंग लाइन चालू आहे."

"येणं वेगळं न, काका. जाणं वेगळं."

"तारांच्या एकाच जोडीवरून बोलणंबी जाते अन् ऐकणंबी येते. तार तुटली तर दोन्ही बंद."

"ते तुमच्या टेलिफोनचं झालं."

वैभवीने नव्या इंटरनेट कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगा हिंदीतून बोलू लागला. वैभवीने त्याला कॉम्प्युटरवर येणारी इंग्रजी सूचनेची चौकट वाचून दाखवली.

"मॅडम, उसमें आउटगोइंग का पोर्ट कितना लिखा है?"

"पच्चीस."

"पच्चीस हमारे नेटवर्क पर बंद रहता है. स्पॅम रोकने के लिए. पाँच सौ सत्तासी डालिए, चला जाएगा."

"अन् आनेवाला?" देवाजीने मध्येच विचारलं.

"सर, आनेवाले का गेट अलग है. वो चालू है."

"बंद रखा तो बताया काहे नहीं?"

"सर, वेबसाइट पे लिखा है."

फोन ठेवल्यावर देवाजीने राउटरपासून भिंतीपर्यंत वायर बोटांनी चाचपली. ही कंपनी त्यानेच आणली होती, दिवाळीच्या आधी. जुनी लाइन पावसात बंद पडायची, म्हणून. नवी वायर आणणाऱ्या माणसाबरोबर तो स्वतः गच्चीवर चढला होता, खिळे कुठे ठोकायचे ते सांगत.

वैभवी सेटिंग उघडून नंबर बदलत होती.

"आता हे ओके केलं का सगळे आपोआप जातीन. एक यादी, दोन मंडळाचे, एक शेजारच्या अंजनाबाईच्या पेन्शनचा..." ती थांबली. "तीन तर मेघाताईच्या नावानं आहे."

"मेघाच्या?"

"हाव."

मेघा ही देवाजीची मुलगी. बंगळूरला नोकरी करायची. रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा आणि दोघं नवरा-बायको तो स्पीकरवर ठेवून ऐकायचे. मेल कशाला?

वैभवीचं बोट माऊसवर होतं.

"थांब," देवाजी म्हणाला.

"का झालं?"

त्याने वाकून राउटरची वायर उपटली. हिरवा दिवा विझला.

वैभवीने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग स्क्रीनवरच्या तारखा पाहिल्या. डिसेंबर. डिसेंबर. जानेवारी. प्रेमिला सतरा जानेवारीला गेली होती. वैभवीने माऊस सोडला.

"नंबर मी बदलून ठेवला आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "यादी पेन ड्राइव्हमधी घेते. बाकीचं तुम्ही पाहा. एखादा नसन पाठवायचा, तर त्याले इकडे ड्राफ्टमधी ओढून टाका. वायर लावली का मंग काही थांबवता येणार नाही."

"अन् मले स्वतःचा लिहायचा असन तर?"

तिने कुठे दाबायचं ते दाखवलं. जाताना दारात ओढणी बांधत म्हणाली, "जेवले का तुम्ही?"

"जेवतो."

"जेवतो नाही, जेवा."

ती गेल्यावर त्याने दार लावलं. कूलर बंद केला. का केला, ते त्याला कळलं नाही. खोलीत एकदम शांत झालं. तो प्रेमिलाच्या खुर्चीवर बसला आणि पहिलं पत्र उघडलं.

चार डिसेंबर.

'मेघा, हे फोनवर सांगता येणार नाही, फोन स्पीकरवर असतो. अंजनाबाईला सोबत घेऊन डॉक्टरकडे गेले होते, तिला बाहेरच बसवलं. स्वादुपिंडात गाठ आहे. ऑपरेशनच्या पुढे गेलं आहे म्हणाले. बाबांना मी पित्ताचे खडे आहेत असं सांगितलं आहे. त्यांना खरं कळलं तर ते सगळं उघडून बसतील, जसे रेडिओ नि पंखे उघडून बसतात. मला आता उघडून घ्यायचं नाही. तूही काही करू नको. फोनवर काही बोलू नको. एकाला तरी माहीत असावं म्हणून तुला सांगितलं.'

देवाजीने ते दोनदा वाचलं. टेबलावर एक पंखा होता, जाळी काढलेला. त्याने तो बाजूला सरकवला.

प्रेमिला गेली त्या दिवशी मेघा विमानाने आली होती. रात्रभर दोघं वऱ्हांड्यात बसले होते. मेघा म्हणाली होती, "आईने मलाही सांगितलं नाही, बाबा." तो म्हणाला होता, "मलेबी नाही." दोघांनाही नाही. तीन महिने रोज सहाच्या फोनवर ती दोघं या एका गोष्टीला धरून होती. रागही सारखा होता, म्हणून सोपा होता.

दुसरं पत्र एकवीस डिसेंबरचं होतं.

'मेघा, तू फोनवर एक शब्द काढला नाहीस. भाजी काय केली विचारलंस, ऑफिसातल्या त्या रितिकाची नक्कल केलीस. मला फार बरं वाटलं. तुला इतकं जमेल असं वाटलं नव्हतं, लहानपणी तुझ्या पोटात काही राहत नव्हतं. आता रात्री झोप लागते. मध्ये एकदा शंका आली, पत्र मिळालं की नाही. म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, लाइन बरोबर आहे. लाइनीच्या बाबतीत त्यांचं कधी चुकत नाही.'

त्याला तो दिवस आठवला. सकाळची वेळ, तो पेपर वाचत होता.

"मेघाचे बाबा, माझे मेल जातात ना बरोबर? रोज एक चौकट येते इंग्रजीत."

त्याने उठून पाहिलं होतं. खरं तर अर्धवट पाहिलं होतं. नवे आलेले मेल दिसले.

"येते ना? मंग जाते," तो म्हणाला होता आणि चौकट बंद करून दिली होती.

खांबावर चढून लाइन जोडली की उतरण्याआधी ग्राहकाच्या घरी फोन लावायचा आणि विचारायचं, ऐकू येतं का? एकतीस वर्षांत तो हे न विचारता एकदाही खांबावरून उतरला नव्हता. पावसात नाही, सावनेरच्या रस्त्यावर अंगावर मधमाश्या आल्या तेव्हाही नाही. स्वतःच्या घरात त्याने कोणालाच विचारलं नव्हतं. मेघाला एका शब्दाने विचारलं असतं, तर तिथेच कळलं असतं.

तिसरं पत्र नऊ जानेवारीचं. ते लहान होतं.

'मेघा, आता ये. कारण सांगू नको, सहज आले म्हण. बेल दुरुस्त करून घेतली आहे.'

देवाजी उठला. स्वयंपाकघरात गेला, माठातलं पाणी घेतलं, प्यायला नाही. पेला ओट्यावर ठेवून परत आला.

बेल दोन वर्षं बंद होती. आलं-गेलं माणूस फाटकाची कडी वाजवायचं. नऊ तारखेला सकाळी प्रेमिला म्हणाली होती, आजच्या आज बेल दुरुस्त करा.

"काहून? कोण येऊन राहिलं?"

"येईल कोणी तरी."

त्याने बटण खोललं, तार बदलली. मग बाहेर फाटकाशी उभा राहून बटण दाबलं आणि ओरडून विचारलं, "ऐकू आली का वं?"

"आली," आतून ती म्हणाली होती.

त्यानंतरचे सात-आठ दिवस तिने पलंग पुढच्या खोलीत घ्यायला लावला होता. उजेड चांगला येतो म्हणून. दूधवाल्याने बेल वाजवली, की ती उशीवरून मान उचलायची. सोळा तारखेला तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथल्या डॉक्टरने देवाजीला खरं काय ते सांगितलं. मेघाला फोन गेला त्याच रात्री, ती पोहोचली सतराला. तेव्हा दार उघडं होतं, माणसं बसली होती. बेल तिने वाजवली नाही.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. सहाला फोन येणार.

त्याने माऊस हातात घेतला. तीन पत्रं ड्राफ्टमध्ये ओढली, की झालं. वैभवी कोणाला बोलणारी नव्हती. मेघा आईवर थोडी रागावलेली राहील, पण तो राग हळूहळू कमी होतच होता. मागच्या आठवड्यात ती फोनवर आईच्या नावाने हसली होती, पहिल्यांदा. ही पत्रं गेली तर तिला कळेल, की आईने तिला सांगितलं होतं. की आई तिच्या गप्प राहण्यावर निवांत झोपत होती. आणि शेवटी आठ दिवस बेलकडे कान लावून होती.

त्याने पहिलं पत्र धरून ड्राफ्टपर्यंत ओढत नेलं. बोट उचललं नाही. तसंच परत आणून आउटबॉक्सवर सोडलं.

पत्र त्याच्या नावाचं नव्हतं. दुसऱ्याची लाइन ऐकायची नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तो ऐकून बसला होता. अडवून ठेवणं मात्र त्याच्याने होईना.

वैभवीने दाखवलं होतं तिथे त्याने दाबलं. कोरी चौकट उघडली. एका बोटाने एकेक अक्षर शोधत तो लिहू लागला. 'मेघा' लिहायलाच बराच वेळ गेला. मात्रा दोनदा चुकली.

'मेघा, ही पत्रं आईची आहेत. तिने वेळेवर लिहिली होती. गेली नाहीत. तिने मला विचारलं होतं, मी नीट पाहिलं नाही. चूक माझी. बाबा.'

आउटबॉक्समध्ये आता आठ झाले.

त्याने वायर उचलली. सवयीने टोकावर फुंकर मारली आणि खोचली. हिरवा दिवा लुकलुकला, स्थिर झाला. काही वेळ काहीच हललं नाही. मग आठाचे सात झाले. सहा. पाच. त्याला वाटलं होतं वेळ लागेल. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. आउटबॉक्स रिकामा झाला. चौकट आली नाही.

देवाजीने फोन घेतला. तो नेहमी स्पीकरवर असायचा, ते बंद केलं. फाटकाकडे तोंड करून खुर्ची वळवली आणि बसला. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली. सव्वासहा झाले. मेघाचा फोन आला नाही.

त्याने तिचा नंबर काढला. बोट त्यावर ठेवलं, उचललं.

लाइन दुरुस्त झाली होती. समोरच्याला ऐकू आलं का, ते विचारायचं राहिलं होतं.