नगरभवनासमोरची वाकडी वाट

नगरभवनात सगळे तिला बागवाल्या बाई म्हणत. कार्डावर 'लँडस्केप आर्किटेक्ट' असं छापलेलं होतं, पण ते म्हणताना शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचीच जीभ अडखळायची. सुरुवातीला तिने एकदोघांना दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला. चौक, मैदानं, इस्पितळांची आवारं, अशा कुणा एकाच्या नसलेल्या जागा लोकांना बऱ्या कशा वाटतील, हे ती ठरवायची. ते बागेपेक्षा बरंच जास्त होतं, पण समजावत कोण बसणार?

या खेपेला तिच्याकडे आलं होतं खुद्द नगरभवनासमोरचं मैदान. एका टोकाला बसथांबा, दुसऱ्या टोकाला नगरभवनाच्या पायऱ्या, मधे नुसतं गवत. नकाशा मंजूर झाला होता. मधोमध मोठं कारंजं, भोवती बसायला दगडी कठडे. मुख्य अभियंत्यांचा जीव त्या कारंज्यात अडकला होता. काम सुरू व्हायच्या आधी शेवटची मापं घ्यायला ती सकाळी मैदानावर गेली आणि तिथेच तिच्या डोक्यात किडा शिरला.

बसथांब्यापासून पायऱ्यांपर्यंत गवतातून एक पायवाट पडलेली होती. त्यात नवल नव्हतं, लोक जवळची वाट काढतातच. नवल हे होतं, की ती वाट सरळ येत येत मधेच वळत होती, एक मोठा वळसा घेत होती आणि पुन्हा सरळ होत होती. वळशाच्या पोटात काहीच नव्हतं. ना झाड, ना दगड, ना खड्डा. गवत मात्र तिथे छान वाढलेलं, कारण कुणाचं पाऊलच पडत नव्हतं.

ती बघत उभी राहिली. बसमधून उतरलेली माणसं घाईघाईत आली, त्या जागी वळली आणि पुढे गेली. एकानेही मान वर केली नाही.

"अहो, जरा थांबा," तिने एका गृहस्थांना अडवलं. "तुम्ही इथून सरळ का नाही गेलात?"

त्यांनी मागे वळून वाटेकडे पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच. "वाट अशीच आहे ना?" ते म्हणाले.

"पण का?"

"ते तुम्हीच सांगायचं. तुम्ही मापं घेताय," असं म्हणून ते निघून गेले.

पायऱ्यांजवळ छत्रीखाली टंकलेखन यंत्र घेऊन एक बाई बसायच्या. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या. सगळे त्यांना टाइपिस्ट काकू म्हणायचे. बागवाल्या बाईंनी त्यांना विचारलं, तर काकूंकडे उत्तर तयार.

"कुत्रा," त्या म्हणाल्या.

"कुठे आहे?"

"आता कुठला! गेला बिचारा. हा एवढा मोठा, भुरा. बरोब्बर तिथे आडवा पसरायचा. उठायचं नाव नाही. अध्यक्षसुद्धा वळसा घालून जायचे, मग तुमची आमची काय कथा? कुत्रा गेला, वळसा राहिला."

उत्तर झकास होतं, पण बाईंचं समाधान होईना. कुत्र्याला गवताचं एवढं मोठं वर्तुळ कशाला लागेल? तिने लोखंडी सळई घेऊन माती टोचून पाहिली. माती सगळीकडे सारखीच. पाणीखात्यात विचारलं, खालून नळ गेलाय का? नव्हता गेला. मग ती स्वतः त्या जागी जाऊन उभी राहिली, डोळे मिटून, काही जाणवतंय का ते पाहत. जाणवली फक्त काकूंची नजर.

घरी वडिलांना सांगितलं. ते निवृत्त शिंपी, तिच्याकडेच राहायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे उसवून-शिवून स्वतःला गुंतवून घ्यायचे.

"अगं, वाट वाकडी असेना का," ते सुईत दोरा ओवत म्हणाले. "तुझं कारंजं आलं की तसाही सगळ्यांना वळसाच."

"तेच तर, बाबा. मी तिथे काहीतरी ठेवणार आहे आणि तिथे आधीच काय आहे ते मला माहीत नाही."

"काहीच नाही म्हणालीस ना?"

"दिसत नाही म्हणाले."

वडिलांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हसून पुन्हा सुईकडे वळले.

पुढच्या आठवड्यात शेवटच्या मापांवर अभियंत्यांची सही घ्यायला ती दुपारी नगरभवनात निघाली. आजवर ती मैदानावर सकाळीच आली होती, ऊन चढायच्या आत. आज उशीर झाला होता, काखेत नकाशाची गुंडाळी होती, आणि हट्टाने तिने वळसा न घेता सरळ पाय टाकला.

चार पावलं गेली असेल नसेल, वरून कुणीतरी थप्पड मारावी तसा वारा आला. केस डोळ्यांवर, धूळ तोंडात. गुंडाळी सुटली, नकाशा उलगडला, गरगर फिरत वर गेला आणि तरंगत तरंगत जाऊन काकूंच्या छत्रीवर पसरला. बसथांब्यावरचं झाड मात्र ढिम्म होतं. क्षणभरात तिच्याभोवतीही सगळं शांत झालं. तिने केस मागे सारले आणि एकटीच मोठ्याने हसली.

"लागलं का हो?" काकू ओरडल्या.

"नाही! सापडलं!"

पण वारा आहे एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. तो केवढा आहे, कुठून येतो, कुठे संपतो? तिने वडिलांना साकडं घातलं. त्यांनी जपून ठेवलेली फितींची पेटी उघडली. नारिंगी, जांभळ्या, पोपटी, जुन्या कपड्यांच्या उरलेल्या फिती. दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक मैदानावर काठ्या रोवायला लागले आणि प्रत्येक काठीच्या टोकाला एक फीत. येणारेजाणारे थबकायला लागले.

"काही समारंभ आहे का?" कुणीतरी विचारलं.

"असं समजा," वडील म्हणाले. त्यांना आता मजा यायला लागली होती.

बराच वेळ काहीच झालं नाही. सगळ्या फिती माना टाकून लोंबत होत्या. लोक कंटाळून हलायला लागले आणि तेवढ्यात मधली एक नारिंगी फीत उठली. मग तिच्याशेजारची. बघता बघता मधल्या सगळ्या फिती गोल गोल नाचायला लागल्या आणि कडेच्या तशाच लोंबत राहिल्या. नाचणाऱ्या आणि लोंबणाऱ्या फितींच्या मधून नेमकी ती वाट जात होती. कुणी आखली नव्हती, कुणी ठरवली नव्हती. ज्याच्या त्याच्या टोप्या उडाल्या, कागद उडाले, डोळ्यांत धूळ गेली, आणि ज्यानं त्यानं आपापलं पाऊल थोडं बाजूला टाकलं. नंतरच्यांनी नुसतं आधीच्यांच्या पावलांवर पाऊल ठेवलं.

तिने वर पाहिलं. नगरभवनामागे उंच इमारत होती. दुपार कलली की वारा तिच्या भिंतीवर आपटत असणार, आणि पुढे जायला वाव नाही म्हणून खाली मैदानात कोसळत असणार.

"म्हणजे कुत्रा नव्हे हो, काकू," ती म्हणाली.

काकू फितींकडे बघत विचारात पडल्या होत्या. "असं कसं? एवढं मैदान सोडून तो तिथेच का पसरायचा? उकाड्यात वारा खायलाच ना!"



आता प्रश्न अभियंत्यांचा होता. फितींची हकिगत त्यांनी ऐकून घेतली आणि मान हलवली. "बाई, कारंजं मध्यावरच शोभतं. थोडासा वारा आला तर काय बिघडतं?"

"सर, दुपारी पाच मिनिटं खाली या. एवढंच मागते."

ते आले आणि पायऱ्यांवर उभे राहिले. तिने माळ्याला पाण्याचा पाइप घेऊन मधोमध उभं केलं आणि धार सरळ आभाळाकडे सोडायला सांगितलं. धार उंच गेली, छान फुलली. अभियंते माझंच खरं अशा थाटात बाईंकडे बघणार, तोच वाऱ्याने ती अख्खी धार उचलली आणि पायऱ्यांवर नेऊन ओतली. काकूंसमोर अर्जांसाठी रांगेत उभ्या लोकांनी आरडाओरडा केला. काकूंनी यंत्रावर स्वतःलाच आडवं घातलं. अभियंते नखशिखांत भिजले.

माळ्याने घाबरून पाइप खाली केला. नोकरी गेली, बाईंना वाटलं.

अभियंत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वर इमारतीकडे पाहिलं, खाली गवताकडे पाहिलं.

"पुन्हा सोडा बरं," ते माळ्याला म्हणाले. "जरा डावीकडून."

त्या दुपारी त्यांनी किती जागांवरून पाणी उडवलं याचा हिशोबच नाही. शेवटी पाइप त्यांच्याच हातात होता आणि माळी बाजूला उभा राहून त्यांना सूचना देत होता.

कारंजं गेलं बसथांब्याच्या बाजूला, झाडाच्या आडोशाला, आणि मूळ ठरलं होतं त्याहून बरंच लहान झालं. मधोमध बाईंनी उंच, लवचीक गवताचा उंचवटा केला आणि त्याच्याभोवती लोकांचीच जुनी वाट दगडांनी बांधून काढली. उद्घाटनाला अध्यक्ष थोडे नाराज दिसले. एवढा खर्च करून गवतच का, असं त्यांनी विचारलंही. पण भाषण चालू असतानाच वारा उतरला, गवत एका अंगाला झुकलं, फिरलं, दुसऱ्या अंगाला झुकलं, आणि समोरची माणसं भाषण सोडून तिकडेच बघत बसली. त्यांना कुणी बघा म्हणालं नव्हतं.

महिनाभराने बाई दुसऱ्या कामात गुंतल्या होत्या, तेव्हा अभियंत्यांचा फोन आला. आवाज दबका होता, जणू चोरून बोलत होते.

"बाई, मी इस्पितळाच्या आवारात आहे. मेहुण्याला भेटायला आलो होतो. इथे इतके छान बाक आहेत, सावलीतले. सगळे रिकामे. आणि माणसं पलीकडे एका भिंतीकडे तोंड करून बसलीत, उन्हात. चांगली दहाबारा माणसं."

"विचारलंत त्यांना, का म्हणून?"

"विचारलं ना. म्हणाले, इथे बरं वाटतं." ते थांबले. "मीही बसून पाहिलं. खरंच बरं वाटतंय. पण का ते कळत नाहीये. तुम्ही येताय का?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि चपला शोधायला लागल्या.