निळ्या काठाची ताटली

"हा नाही," मोन्जी म्हणाला आणि उरलेला अर्धा तुकडा त्याने हाजरच्या हातावर ठेवला.

"बाबा, तुमची उष्टी अर्धुकं खाऊन माझं पोट फुटायची वेळ आलीय," त्याची मुलगी म्हणाली.

ठेलेवाला हसला. "चाचा, मकरूद खाताय की सोनं पारखताय?"

"गोड आहे," मोन्जी म्हणाला. "नुसताच गोड आहे."

कैरवान शहराच्या तटाबाहेर मिठाईचा मेळा भरला होता. रव्याचे, आत खजुराचं सारण भरलेले, तळून मधात बुडवलेले मकरूद परातींत रचून ठेवले होते. बदाम भरलेले, बांगडीसारखे वळलेले काक होते, तिळाचा हलवा होता. हाजर सकाळीच सूसहून आली होती. आई गेल्यापासून बाबा प्रथमच आपण होऊन माणसांत यायला तयार झाले, म्हणून ती खूश होती. ते का तयार झाले, हे तिला त्यांच्या खांद्यावरची जड पिशवी बघून कळलं. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ताटल्या होत्या.

ज्या घरात मयत होते तिथे वर्षभर गोडाची कढई चढत नाही. ईदला शेजारीच ताटल्या भरून आणून देतात. मोन्जीची बायको दलीला गेल्यावर तशा ताटल्या आल्या आणि त्याच्या स्वयंपाकघरात पडून राहिल्या. रिकामी ताटली परत द्यायची नाही, आणि भरणारी तर गेली. मोन्जीने उभी हयात शहराची बस चालवली होती; कढईतलं त्याला काही कळत नव्हतं. आता वर्ष सरलं होतं. गल्लीत कोणी ताटल्या मागितल्या नव्हत्या, त्याचीच त्याला जास्त लाज वाटे.

"कुठलेही भरून द्या ना," हाजर म्हणाली. "कोण बोलणार आहे तुम्हाला?"

"कोणी नाही बोलणार. पण तुझ्या आईच्या घरातून जाणार त्या. जवळपासचं तरी काहीतरी हवं."

दलीला नारंगीची साल वाळवून, कुटून सारणात घालायची. घास संपता संपता जिभेवर जरासा कडसरपणा उरायचा. मोन्जी तेवढंच शोधत होता.

मैदानाच्या टोकाला एक म्हातारी स्वतःच तळत बसली होती. तिचा मकरूद तोंडात टाकला आणि मोन्जी चावायचा थांबला.

"नारंगीची साल?"

"माझी सासू घालायची, म्हणून मी घालते. आवडत नसेल तर शेजारी जा, तिथे नुसता मध आहे."

"आवडत नाही असं कुठे म्हटलं मी?"

त्याने आणखी एक खाल्ला. हा दलीलाचा नव्हता. पण तिने नाकही मुरडलं नसतं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि एकेक ताटली बाहेर काढली. म्हातारीने ताटल्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वर्ष झालं?"

"झालं."

"बायको?"

त्याने मान हलवली.

"मग खोकी नकोत. मीच लावून देते."

तिने प्रत्येक ताटली कडेपर्यंत भरली आणि वर एकेक जास्तीचा ठेवला. "हा माझ्याकडून," ती म्हणाली.

संध्याकाळी मोन्जी ताटल्या घेऊन गल्लीत फिरला. कोणती कोणी आणली होती ते त्याला पक्कं आठवत होतं. आभाराचं बरंच काही मनात जुळवून ठेवलं होतं, पण प्रत्येक दारात तो एवढंच म्हणाला, "ईदला फार बरं वाटलं होतं." बायका म्हणाल्या, "अहो, राहिली असती ताटली, कुठे पळून जात होती?" आणि ओढणीने डोळे पुसत आत गेल्या.

निळ्या काठाची ताटली शेवटी राहिली. ती शेजारच्या महबूबा खालाची. तिच्या दारात त्याने ती पुढे केली.

"ही माझी नाही," महबूबा म्हणाली.

"असं कसं, खाला? तूच तर आणलीस ईदला."

"आणली मीच. पण ताटली तुमची. बुडाला बघ."

मोन्जीने ताटली डोक्यावर उचलून खालून पाहिलं. बुडाला लाल नखपॉलिशचा ठिपका होता.

"दलीलाची खूण," महबूबा म्हणाली. "माझी हिरवी. इतकी वर्षं तिच्यात जेवलास, एकदा उलटी करून पाहिली नाहीस? तिने शेवटचे मकरूद केले ना, ते यातूनच मला पाठवले होते. मी भरून तुझ्या घरी परत केली. फिटलं होतं रे आमचं."

महबूबाने ताटलीतला एक मकरूद उचलला आणि सावकाश खाल्ला.

"साल आहे."

"तिच्यासारखा नाही."

"नाही. पण चांगला आहे." तिने आतून धुतलेला रुमाल आणला आणि ताटलीवर पसरला. "मी घेतला माझा. बाकीचे घरी ने. जप, सांडशील."

मोन्जी दोन्ही हातांत ताटली धरून, एकेक पाऊल टाकत घरी आला. हाजरने दार उघडलं.

"खाला घरी नव्हती?"

"होती की."

"मग ही परत कशी?"

त्याने ताटली मेजाच्या मधोमध ठेवली आणि रुमाल काढला.

"चहा ठेव," तो म्हणाला. "आपल्याकडे मकरूद आलेत."