ज्येष्ठ मध द्या

माझा जावई म्हणजे अगदी गाय. आणि गायीवर ओरडता येत नाही, हे माझं दुःख. ओरडायला हक्काची लेक होती, पण त्या आठवड्यात तिचा घसा बसला होता. घसा बसलेल्या माणसाशी भांडण्यात काय मजा?

लहानपणापासून तिला आम्ही भोंगा म्हणतो. बस स्थानकात सूचना देणाऱ्या बाईची जागा निघाली, तेव्हा मीच म्हटलं, ही जागा तुझीच वाट बघत होती. झालं! बाईसाहेब सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे तोंड करून "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" असं केकाटायला लागल्या. शेजाऱ्यांनी लक्ष दिलं आणि खिडक्या लावून घेतल्या. निवडीची परीक्षा तीन दिवसांवर आली आणि तिच्या तोंडातून नुसती हवा यायला लागली. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, कोमट पाणी प्या आणि बोलणं बंद. बिचारी इतकी वर्षं पाकिटांवर शिक्के मारत बसली होती. आता कुठे तिच्या गळ्याची कुणाला तरी गरज पडली होती, तर गळाच गेला. ती रडली, तर रडण्याचाही आवाज येईना. मला बघवेना.

"जावईबापू," मी म्हटलं, "बाजारातून जरा ज्येष्ठमध आणता का? चांगला बघून आणा."

"आणतो की, आई."

गेले ते दुपारी उगवले. घामाने निथळत होते आणि हातात बरणी होती.

"मिळाला एकदाचा!" ते म्हणाले. "जो तो ताजाच मध पुढे करत होता. मी म्हटलं, सासूबाईंनी ज्येष्ठ सांगितलाय, मला कनिष्ठ नको. शेवटी एका किराणावाल्यानं फळीमागून हा काढला. म्हणाला, याच्यापेक्षा ज्येष्ठ या दुकानात मी एकटाच."

मी कपाळावर हात मारून घेतला. सांगकाम्या कुठला! हे अर्थात मनातल्या मनात. लेक पलंगावर पोट धरून हसत होती आणि पंक्चर झालेल्या सायकलसारखी फुसफुसत होती.

शेवटी मीच चपला चढवल्या आणि जडीबुटीवाल्याकडे गेले. त्यानं ज्येष्ठमधाची एक काडी मोडून दाखवली. बाहेरून मातकट, आतून पिवळी.

"चघळायची, चावून गिळायची नाही," तो म्हणाला. "रस हळूहळू घशावरून उतरू दे. कोरडा खोकला असो, तोंड आलेलं असो, तेव्हाही हीच. चूर्ण मधात कालवून चाटलंत तर आणखी बरं."

बरं, म्हटलं, एक काडी आपणही चघळून बघावी. तर म्हणतो, "बीपी आहे का तुम्हाला?"

"आहे."

"मग ठेवा खाली. फार खाल्लं तर यानं ते वाढतं."

मला माणूस आवडला.

घरी आले, तर जावई बरणी कोमट पाण्यात धरून बसलेले. मध दगड झाला होता ना! तो पातळ झाला, तसं आम्ही चाटण केलं. दोन दिवस काड्या, चाटण आणि काढ्याच्या गुळण्या. ती बोलायला तोंड उघडायची, की जावई ओठांवर बोट ठेवायचे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घरात त्यांचं चाललं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आवाज फुटला. पण जाड, खालच्या पट्टीतला.

"आई, हा माझा आवाज नाही गं," ती रडवेली झाली. "मला हाकलून देतील."

"नसेना का! आहे तो घेऊन जा. घरी बसून काय मिळणार आहे?" मी खेकसले. आतून माझाच जीव टांगणीला लागला होता.

परीक्षा थेट स्थानकाच्या कर्ण्यावरून होती. खऱ्या गाड्या, खरे प्रवासी. जावई आणि मी बाकावर बसलो. आधीच्या दोघी अशा किंचाळल्या, की शेजारच्या आजोबांनी कानात बोटं घातली. जागचं मात्र कुणी हललं नाही.

मग कर्णा खरखरला.

"चार नंबरच्या फलाटावरची गाडी पाच मिनिटांत सुटेल. सावकाश या, पण आता निघा."

ते 'आता निघा' काही वाचायला दिलेल्या कागदावर नसणार, ते तिचं स्वतःचं. पण इतकं समजुतीनं म्हणाली, की आजोबांनी बोटं काढली, पिशवी उचलली आणि चालायला लागले. त्यांच्यामागून पोराला कडेवर घेतलेली बाई उठली. मग समोरचं अख्खं बाकडं उठलं. आणि आमचे जावईही उठले.

"अहो, तुम्ही कुठे निघालात?"

"चार नंबरला," ते म्हणाले. "ती म्हणाली ना."

ओरडायला मी तोंड उघडलं, पण डोळेच भरून आले. निकाल सांगायला आता परीक्षा घेणाऱ्या साहेबांची गरज नव्हती. मी जावयांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. समोर सगळं स्थानक माझ्या लेकीचं ऐकून निघालं होतं.