मेणाचे तोडे

मेणाला ऊन सोसत नाही, हे बोरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण देशमुखांच्या सुमनबाईंना सांगणार कोण?

ओताऱ्याची मनकर्णा अकरा दिवस मेण वळत होती. आठ दिवसांवर लेकीचं, कडूचं लग्न आलेलं. ओताऱ्याची पोर आईच्या हातचे तोडे पायात घालूनच सासरचा उंबरा ओलांडते. मेणाची शेवयांसारखी बारीक तार, तारेची वेल, वेलीला कळ्या. आज त्यावर माती चढवायची, वाळली की भट्टीत मेण वितळवून काढायचं, आणि त्या पोकळीत तिचा नवरा मुंजाजी पितळ ओतणार.

तेवढ्यात देशमुखांचा गडी चंद्रभान आला. "बाईसाहेबांना नमुना बघायचाय. आत्ताच चल."

वर निजाम, खाली देशमुख. नाही म्हणायची कुणाची टाप होती? मनकर्णानं ओल्या फडक्यात तोडे गुंडाळले, परातीत ठेवले आणि चैताच्या भर दुपारी निघाली.

सुमनबाई ओसरीवर पान लावत बसल्या होत्या. "खालीच ऱ्हा. ओसरी आत्ताच सारवलीय."

"बाईसाहेब, मेण हाय. जरा सावलीला घ्या."

"थांब की! पान तर खाऊ दे."

पान झालं, मग सुपारी, मग शेजारणीच्या सुनेची उणीदुणी. फडकं वाळून खडखडीत झालं. मनकर्णानं तीनदा विनवलं. शेवटी बाईसाहेबांनी मान वळवली तेव्हा परातीत वेल नव्हती, कळ्या नव्हत्या. नुसता लोळागोळा.

"अगं बाई! असू दे, मेणच हाय की. परत वळ. आन माझाबी एक जोड कर."

मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओल्या सारवणावरून तरातरा वर चढली आणि बाईसाहेबांच्या समोर सावलीत फतकल मारून बसली.

"अगं ए! खाली उतर!"

"न्हाई उतरत! अकरा दिस माजे डोळे फुटले, तुमचं पान सरंना! आता हितंच वळते. नक्षी गेली चुलीत, साधे तर साधे, पर माजी लेक बोडक्या पायानं जायची न्हाई. तुमचा जोड तुमीच वळा!"

"चंद्रभान! हिला ओढून काढ!"

चंद्रभान धावत आला. त्यानं परातीत पाहिलं आणि तो जागीच थबकला.

"उभा काय ऱ्हायलास?" मनकर्णा त्याच्यावरही खेकसली. "तूच आणलंस ना मला? रांजणातलं गार पाणी आण. मेण लय मऊ झालंय."

बाईसाहेब ओरडत राहिल्या. चंद्रभाननं त्यांच्याकडे न बघता तांब्या भरून आणला.