चारशे अठरा, दोनदा

डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं: रक्तदाब एकशे सत्तर आहे, संध्याकाळच्या आत उमरग्याला भरती करा, सिझर करावं लागेल. दुपारचे तीन वाजले तरी आमची सून श्रीदेवी पलंगाचा कठडा धरून बसलेली. उठायचं नाव नाही. मुलगा ट्रक घेऊन हैदराबादकडे गेलेला. भीती वाटली की मी चिडतो, म्हणून सगळा राग बायकोवर निघत होता.

घोळ तिनंच, शरणम्मानंच, घातला होता. दवाखान्यातून परतताना शरणम्मा सुनेला महांतप्पाकडे घेऊन गेली. हा गृहस्थ आकड्यांवरून भविष्य सांगतो. त्यानं केसपेपरचा नंबर विचारला, चारशे अठरा, आणि तो शेजारी शेजारी दोनदा लिहिला. एकदा आईचा, एकदा पोटातल्याचा. ४१८४१८. त्याला सातनं भागलं, आलेल्या उत्तराला अकरानं, त्याच्या उत्तराला तेरानं. एकदाही बाकी उरली नाही आणि शेवटी राहिलं चारशे अठरा. महांतप्पा म्हणाला, दोघं आत जातील, एकच बाहेर येईल.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. मला हसू यायला हवं होतं. पण सुनेचे सुजलेले पाय बघून ते आलं नाही; मी कागद-पेन काढून तिच्यापुढे ठेवलं.

मी तिला कुठलाही तीन आकडी नंबर लिहायला सांगितलं. तिनं मोबाइलचे शेवटचे आकडे लिहिले, सातशे बावन्न. ते दोनदा लिहून तिन्ही भागाकार मी तिलाच करायला लावले. शेवटी सातशे बावन्नच राहिले. शरणम्मानं एक नंबर दिला, त्याचंही तेच झालं.

मग समजावलं. तीन आकडी नंबर दोनदा लिहिला म्हणजे तो एक हजार एकनं गुणला. सात, अकरा, तेरा यांचा गुणाकारही एक हजार एकच. जेवढ्यानं गुणलं तेवढ्यानंच भागलं, दुसरं काय उरणार? हा लबाड गावातल्या कुणाचाही नंबर घेऊन हेच दाखवेल. शरणम्मा रडायला लागली. मी सुनेला म्हणालो, ऊठ, आता तुला अडवणारं कुणी नाही.

"आत्यांनी अडवलंच न्हाई मामा," श्रीदेवी म्हणाली. "मीच न्हाई म्हणले. तिथं डॉक्टर आदी आईला वाचवत्यात म्हणं. एकच राहणार आसंल तर बाळ राहू दे, म्हणून हितं बसले."

सकाळपासून ही पोर मरायची तयारी करून बसली होती आणि मी बायकोशी भांडत होतो.

ती कागदाकडे बघत राहिली. "मग दोघं राहतील का, मामा?"

यावरून तसं काहीच सिद्ध होत नाही, असं वर्गात मी सांगितलं असतं. माहीत नसलेलं उत्तर मी कधी फळ्यावर लिहिलं नाही.

"व्हय," मी म्हणालो. "दोघंबी राहतील."

तिनं माझा हात धरला आणि उठली.