उपाशी पातेले

मित्रांनो, माझी चकाकी पाहून मला नवे समजू नका. मी एक जुने तांब्याचे पातेले आहे, आणि ही चकाकीच माझ्या जिवावर उठली आहे.

आल्प्सच्या पायथ्याशी एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, आणि मी डोंगरावर एर्मेतेच्या आईच्या चुलीवर आले. माझ्यात रोज मक्याचा घाटा रटरटायचा. तिकडे त्याला पोलेंटा म्हणतात. बाहेरून मी काजळीने काळेकुट्ट, आतून व्हिनेगर-मिठाने घासून लख्ख. आमच्या जातीचे सुख एवढेच.

एर्मेते लढाईवर गेला. परतला तो बर्फातून पायी, आणि बरोबर त्याच्या तुकडीतला एकटा बोर्तोलो. बाकीची पोरे वाटेत बर्फातच राहिली. पुढे एर्मेते लेखक झाला. जंगल, मधमाश्या आणि ती राहिलेली पोरे, हेच त्याने आयुष्यभर लिहिले. माझ्यात लाकडी दांडा फिरवता फिरवता तो बोर्तोलोला लिहिलेले वाचून दाखवायचा.

"थंडी कमी लिहिलीस," बोर्तोलो कुरकुरायचा.

"जास्त लिहिली तर वाचणारा गारठेल, गाढवा."

जानेवारीत त्या परतीचा एक दिवस दोघेही पाळत. सकाळपासून उपास. संध्याकाळी माझ्यातला घाटा पाटावर पालथा करायचा, दोऱ्याने कापायचा, आणि पहिली वडी न परतलेल्यांच्या नावाने बाजूला काढायची. ती वाया मात्र जाऊ द्यायची नाही. रस्त्याने जो पहिला येईल त्याच्या हातावर ठेवायची. त्याने खाल्ले की मग यांचे पारणे. देवाला याहून गोड नैवेद्य कुठला असणार?

एर्मेते गेल्यावर त्याच्या बायकोने, ओनोरीनाने, तो दिवस चालू ठेवला. मग एर्मेतेच्या नावाची स्मारक समिती आली. तिने घराचे खालचे स्वयंपाकघर मागून घेतले. ओनोरीना वरच्या मजल्यावर गेली. अध्यक्ष तुलियो माणूस वाईट नाही, एर्मेतेची पानेच्या पाने त्याला पाठ. पण त्याने माझी काजळी खरवडली, मला वॉर्निश फासले आणि काचेच्या पेटीत ठेवले. वर पाटी, 'हात लावू नये'. लोक येतात, फोटो काढतात, जातात. चिडचिड होते हो, पण पातेल्याचे ऐकणार कोण?

यंदा तोच दिवस उजाडला. संध्याकाळी तुलियोचे भाषण रंगात आले असताना बोर्तोलो काठी टेकत आत आला. नव्वदी ओलांडलेला, ओठ सुकलेले.

"तुझं झालं असेल तर चूल पेटव, बाबा. मी सकाळपासून उपाशी आहे."

"काका, हे पातेलं आता गावाचा ठेवा आहे. बाहेर बिस्किटं ठेवलीत, घ्या ना."

"बिस्किटांनी उपास सुटला असता तर एर्मेतेनं पुस्तकं कशाला लिहिली असती? बेकरीच काढली असती."

लोक हसले. तुलियो कानापर्यंत लाल झाला आणि किल्ली घेऊन आला. काच उघडली तेव्हा मला वाटले, सुटले एकदाचे. ओनोरीनाने मला उचलले, आत वाकून वास घेतला आणि तशीच थांबली.

"तुलियो, आतूनही वॉर्निश?"

"चमक टिकावी म्हणून, काकू."

"चमक टिकली. यात शिजवलं तर माणसं नाही टिकायची."

मला बाकावर ठेवून तिने वरून अ‍ॅल्युमिनियमचे भांडे आणले आणि त्यात घाटा केला. माझ्या चुलीवर दुसऱ्याचे बूड तापत होते आणि मी रिकामे, समोर बसून पाहत होते. पहिली वडी कापली. तुलियोला रस्त्यावर उभे केले. बर्फ पडत होता, कोणी फिरकेना. घाटा निवू लागला, तरी बोर्तोलो ताटाला शिवेना.

"वहिनी, घाई नाही," तो म्हणाला. "त्या पोरांनी याहून जास्त वाट पाहिलीय."

शेवटी खांद्यावर बर्फ घेऊन तुलियोच आत आला.

"कोणीच नाही, काका."

"तू रस्त्यावरूनच आलास ना? मग बस. खा."

तुलियोने खाल्ले. मान वर केली नाही. मग बोर्तोलोने घास घेतला.

तेव्हापासून तुलियो दर रविवारी चर्चमधून निघाला की अंगणात बसून मला राखेच्या गरम पाण्याने घासतो. पण वॉर्निश भारी चिवट. बुडाशी अजून चकाकतेच. बोर्तोलो काठीने मला टकटक वाजवतो.

"पुढच्या जानेवारीपर्यंत होईल का रे? मला फार थांबता यायचं नाही."

मित्रांनो, गेलेल्या माणसाचे भांडे जरूर जपा, पण त्यात शिजवून जपा. मला पुन्हा काळे व्हायचे आहे, आणि तेही बोर्तोलोच्या देखत.