आवाज संपला की बोट खाली

ह्याला हट्ट म्हणायचं की शास्त्र, ते तुम्हीच ठरवा. डॉक्टर धनंजय देवस्थळींनी उभी हयात औषधांच्या प्रयोगशाळेत घालवली, लखनऊतच निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर पहिलं काम काय केलं असेल, तर स्वतःच्याच रेकॉर्डींना मृत्यूचा दाखला देऊन टाकला.

एके काळी लखनऊच्या महानगर वस्तीतल्या त्यांच्या घरात रविवारची सकाळ रेकॉर्डींची असायची. प्रयोगशाळेतली मराठी मंडळी यायची, शेजारपाजारचे दोन-चार लखनवी रसिक यायचे. डॉक्टर वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. आणि त्यांच्या पत्नी, पद्मिनीबाई? त्या स्वयंपाकघरात, पोह्यांच्या कढईपाशी. एवढ्या वर्षांत बाईंनी एक रेकॉर्ड धड बसून ऐकली असेल तर शपथ!

पुढे प्लेयर बिघडला, त्याचे भाग मिळेनात, आणि रेकॉर्डी माळ्यावर गेल्या. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्या खाली काढल्या, त्यातल्या चार अलीगंजला एका मित्राकडे नेऊन वाजवून पाहिल्या आणि तोंड पाडून परत आले. "गेल्या," म्हणाले. "इथल्या उन्हाळ्यांनी भाजून निघाल्या. आवाजात जीवच उरला नाही." अमीनाबादच्या एका जुनं-पानं विकत घेणाऱ्याला त्यांनी सांगूनही टाकलं, की सगळ्या घेऊन जा. तेव्हापासून हा माणूस व्हरांड्यात पेपर पुढ्यात धरून बसायचा, आणि त्याचं पानही उलटायचा नाही. रेकॉर्डी गेल्या तर ह्यांच्यातलं उरलंसुरलंही त्यांच्याबरोबर जाईल, ही एकच धास्ती पद्मिनीबाईंनी घेतली होती.

घरात तिसरं माणूस होतं ते म्हणजे सून, प्रणिता. मुलगा विक्रम हवाई दलात, त्याची बदली तिकडे आसामात. प्रणिताची नोकरी अमौसीच्या विमानतळावर, एका विमान कंपनीत. ती फौजी बापाची मुलगी, लखनऊच्या छावणीतच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर देताना गाडी हिंदीच्या रुळावर जायची.

"बाबा, रेकॉर्ड खराब आहेत की वो प्लेयर खराब था, चेक तर करू द्या ना," ती म्हणाली. "मी सेट लावते. छोटासा, बजटमध्ये."

डॉक्टर कसेबसे कबूल झाले. "ठीक. नव्या सेटवर नीट वाजल्या तर राहतील. नाही तर येत्या रविवारी तो माणूस येईल आणि नेईल. मग कोणी हळहळायचं नाही."

झालं! पोरगी कामाला लागली, आणि काय लागली म्हणता! टर्नटेबल मागवला साधाच, पण सगळा अभ्यास करून. अॅम्प्लिफायर जुना, नख्खासच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला, आतली धूळ तिने स्वतः रंगाच्या ब्रशने झाडली. दोन छोटे स्पीकर. विक्रमचा काच तडकलेला जुना फोन त्याच अॅम्प्लिफायरला वायरने जोडला, म्हणजे रेकॉर्ड नको असेल तेव्हा इंटरनेटवरची गाणी त्याच स्पीकरांतून वाजतील. टर्नटेबलाखाली ओट्याच्या कामातून उरलेला दगडी तुकडा, आणि त्याच्याखाली मधोमध कापलेले रबरी चेंडू. कशाला? तर कोणी दणदण चालत गेलं तरी सुई हलू नये म्हणून. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा घूं असा आवाज यायला लागला. बाईंना वाटलं, बिघडलं. हिने ओठ दाताखाली धरून एक बारीक हिरवी वायर मागच्या स्क्रूला आवळली आणि ती घूं कापल्यासारखी बंद झाली. रात्रपाळी करून आलेली, डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर असा आनंद की पद्मिनीबाई नुसत्या बघत राहिल्या. मनात म्हणाल्या, गं बाई, आमच्या घरात असलं कोणी कधी आलं होतं का?

पहिली रेकॉर्ड लागली तेव्हा त्या स्वयंपाकघरात फोडणी करत होत्या. त्यांनी गॅस बंद केला. टाळांची किणकिण थेट ओट्यापर्यंत येत होती, एकेक वेगळी. हात पुसत बाहेर आल्या, तर डॉक्टर खुर्चीत मान हलवतायत. वाहवाची नव्हे, नकाराची.

"कोंदट," ते म्हणाले. "टाळ मेलेत. गळ्यावर कोणी पांघरूण घातल्यासारखं वाटतंय."

प्रणिताचा चेहरा उतरला. पण डॉक्टर अन्याय करणारे नव्हते. प्रयोगशाळेत त्यांचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं आहे तसं ठेवायचं. म्हणजे दोष कुठे आहे ते आपोआप उघडं पडतं. ह्या नियमावर त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या होत्या. आता सेटची पाळी. सुई बदलली. कोंदट. वायरी बदलल्या. कोंदट. स्पीकर भिंतीपासून पुढे आणले, मग उंच केले, मग मित्राचे भारी स्पीकर आणून जोडले. कोंदटच. शेवटी प्रणिताने तेच गाणं फोनवरून, इंटरनेटवरून लावलं. तिथे ना रेकॉर्ड, ना सुई.

"बघ, हेही कोंदट," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे तुझा अॅम्प्लिफायर निकामी. आणि रेकॉर्डीही गेलेल्याच असणार. स्वस्तातलं ते स्वस्तातलंच, बेटा."

"कोई बात नहीं बाबा," प्रणिता म्हणाली. "टर्नटेबल आणि स्पीकर मी रिटर्न करून टाकते." आणि चहाचे कप उचलून आत गेली. सिंकपाशी नळ नुसता वाहत होता, आणि ही पाठमोरी उभी होती. पद्मिनीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना अस्सा राग आला नवऱ्याचा!

कारण बाईंना कळलं होतं. आत्ता नव्हे, केव्हाच. डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ दर तासाला पिपिप करायचं आणि त्यांना पत्ता नसायचा. अहो, सुई बदलली, वायरी बदलल्या, स्पीकर बदलले. अलीगंजच्या मित्राकडे तर अख्खा सेटच वेगळा होता. ह्या सगळ्यात न बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती वेताच्या खुर्चीत बसली होती! पण हे सांगायचं कोणी? थोरल्या दिरांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा त्यांनी माणसांत जाणंच सोडलं होतं, आणि शेवटची वर्षं भिंतीकडे बघत काढली होती. ह्यांनाही कळलं आणि हेही तसेच मिटून बसले तर? म्हणून बाई गप्प होत्या.

रविवार उजाडला. दुपारी अमीनाबादचा माणूस यायचा होता. सकाळी डॉक्टरांनीच शेवटची चाचणी काढली. इंटरनेटवर नुसत्या सुराची एक फीत मिळते. सूर खालून सुरू होतो आणि बारीक बारीक होत वर चढतो.

"तिघांनी ऐकायचं," त्यांनी फर्मान सोडलं. "बोट वर धरा. आवाज संपला की बोट खाली. तुझा अॅम्प्लिफायर कुठे दम टाकतो ते समजेल. पद्मा, तूही ये. तीन निरीक्षणं असलेली बरी."

सूर सुरू झाला. तिघांची बोटं वर. कोणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हे खुळं कुटुंब कुठलं! सूर चढत गेला, शिट्टीएवढा झाला, शिट्टीच्याही वर गेला. आणि डॉक्टरांचं बोट खाली आलं.

"संपला," ते म्हणाले.

पद्मिनीबाईंच्या कानांत सूर लख्ख वाजत होता. त्यांनी प्रणिताकडे पाहिलं. त्या तरण्या पोरीला तर तो त्यांच्याहून स्वच्छ ऐकू येत असणार. आणि प्रणिताने एकदा सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सावकाश आपलं बोट खाली घेतलं.

पोरीलाही कळलं होतं तर! एवढे दिवस राबून उभा केलेला सेट ती निमूटपणे वाईट ठरवून घेत होती, म्हाताऱ्याचं मन राखायला. आता बाईंनीही बोट खाली घेतलं की संपलं. सेट परत, रेकॉर्डी अमीनाबादला, आणि डॉक्टर व्हरांड्यात. सगळं सोपं होतं. पण बोट त्यांनी वरच ठेवलं.

"अगं, खाली घे," डॉक्टर म्हणाले. "संपला आवाज."

"नाही संपला."

"पद्मा, चाचणी कळली नाही तुला. आवाज बंद झाला की..."

"कळली मला चाचणी," बाई म्हणाल्या. "अजून वाजतोय, अहो. मला ऐकू येतोय. हिलाही येतोय. प्रणिता, बोट वर कर. कर म्हणते ना!"

प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिने बोट वर केलं.

डॉक्टर त्या दोन बोटांकडे बघत राहिले. थोड्या वेळाने पद्मिनीबाईंचं बोट खरोखरच खाली आलं. प्रणिताचं त्यानंतरही कितीतरी वेळ वरच होतं. मग डॉक्टर उठले, दोघींना एकमेकींकडे पाठ करून बसवलं आणि म्हणाले, "पुन्हा." पुन्हा तेच घडलं, त्याच क्रमाने. माणूस असा की स्वतःवर निकाल येतोय दिसल्यावरही त्याने प्रयोग अर्धवट सोडला नाही. पद्मिनीबाईंना त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला, की एवढ्या संसारात कधी वाटला नसेल.

डॉक्टरांनी फोनवरचा सूर बंद केला. आता हे उठून व्हरांड्यात जातील, बाईंना वाटलं.

"प्रणिता," ते म्हणाले, "सेट उत्तम आहे. फार मेहनतीने लावलास तू, आणि मी तुला नाही नाही ते बोललो. चूक झाली माझी. त्या अमीनाबादवाल्याला फोन कर. म्हणावं, येऊ नकोस."

"बाबा, उद्याच कानांच्या डॉक्टरांकडे जाऊ. आजकल मशीन बहुत अच्छी येतात."

"जाऊ. पण आधी एक काम आहे." त्यांनी खोक्यातून एक रेकॉर्ड शोधून काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली, स्वतः लावली. मग बायकोचा हात धरून तिला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारच्या बुटक्या मोड्यावर बसले. "तू ऐक," म्हणाले, "आणि मला सांग."

"मला कुठे काय कळतंय गाण्यातलं?"

"कळायचं नाहीये. ऐकू काय येतं, तेवढं सांग."

बाईंनी डोळे मिटले. आधी तंबोरा आला. मग त्या गाणाऱ्या बाईंचा आवाज आला, अगदी समोर बसून गातायत इतका जवळ. पद्मिनीबाई एकेक सांगत गेल्या. सारंगी उजवीकडून येतेय. मागे कोणीतरी हळूच दाद दिली. डॉक्टर मान हलवत होते. अंतरा संपत आला तेव्हा ते एकदम पुढे झुकले.

"आता नीट ऐक. पुढची ओळ उचलायच्या आधी... तिथे काही आहे का?"

बाईंनी कान दिला. गाणं क्षणभर थांबलं, आणि त्या थांबण्यात काहीतरी अगदी बारीक हललं.

"श्वास घेतला त्यांनी," त्या म्हणाल्या. "हळूच. तोंड उघडून."

धनंजय देवस्थळींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आहे अजून?" त्यांनी विचारलं.

"आहे हो," पद्मिनीबाई म्हणाल्या. "अगदी आहे."